डॉ. झाकीर हुसेन आणि वर्ध्याची तालीम

भारताच्या राष्ट्रपतींच्या यादीत डॉ. झाकीर हुसेन यांचे नाव तिसरे आहे. परीक्षेसाठी पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला बहुधा तेवढेच ठाऊक असते. परंतु आपल्या वर्धा जिल्ह्याशी या थोर पुरुषाचा किती जवळचा संबंध होता, आणि राष्ट्रपती होण्याच्या तीस वर्षे आधी त्यांनी येथे कोणते काम केले, हे आपल्या घराघरांत फारसे सांगितले जात नाही. स्वातंत्र्याचे स्वप्न त्या पिढीत लाखो लोकांनी पाहिले. तेच स्वप्न एका माणसाच्या रोजच्या जगण्यात उतरते तेव्हा त्याला काय सोडावे लागते, काय सोसावे लागते आणि कोणते काम हाती घ्यावे लागते, हे झाकीरसाहेबांच्या चरित्रावरून जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच कोठे दिसेल. म्हणून ते चरित्र आपल्या पालकांसाठी व विद्यार्थ्यांसाठी येथे थोडक्यात देत आहोत.

बालपण व शिक्षण

झाकीर हुसेन यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८९७ रोजी हैदराबाद येथे झाला. घराणे मूळचे उत्तर प्रदेशातील फर्रुखाबाद जिल्ह्यातल्या कायमगंजचे, पठाणांचे. वडील फिदा हुसेन खान हे वकिलीसाठी हैदराबादला आले आणि तेथे त्यांचा चांगला जम बसला. परंतु १९०७ साली त्यांचे निधन झाले. त्या वेळी झाकीर अवघे दहा वर्षांचे होते. आई मुलांना घेऊन कायमगंजला परतली. इटाव्याच्या इस्लामिया हायस्कुलात मुलाचे शिक्षण चालू असतानाच, १९११ साली, प्लेगने आईलाही नेले. चौदाव्या वर्षी आईबापांचे छत्र हरपलेल्या या मुलाला पुढे शिक्षकांनी आणि शाळेनेच घडवले. शाळा म्हणजे केवळ धडे घेण्याची जागा नव्हे, पोरक्या मुलाचे ते घरही असू शकते, ही जाणीव त्यांना पुस्तकातून नव्हे तर स्वानुभवातून आली होती.

डॉक्टर व्हावे असा त्यांचा पहिला विचार होता. आजारपणामुळे तो मार्ग सुटला आणि ते अलीगढच्या कॉलेजात दाखल झाले. तेथे ते हुशार विद्यार्थी व उत्तम वक्ते म्हणून गाजले. एम. ए.चा अभ्यास चालू असतानाच कॉलेजात शिकवण्याचे कामही त्यांना मिळाले. सरकारी नोकरीचा राजमार्ग त्यांच्यापुढे खुला होता. त्या काळी अलीगढच्या हुशार तरुणाला इंग्रज सरकारात मान होता, पगार होता आणि घरच्यांच्या आशाही त्यावरच असत.

१९२० सालचा निर्णय

ऑक्टोबर १९२० मध्ये महात्मा गांधी व अली बंधू अलीगढला आले. सरकारी अनुदानावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थांवर विद्यार्थ्यांनी बहिष्कार घालावा, असे त्यांचे आवाहन होते. अनेकांनी त्याची थट्टा केली. झाकीर हुसेन यांना मात्र ते आवाहन मनाला लागले. परंतु नुसते कॉलेज सोडून ते थांबले नाहीत. सोडून जायचे कोठे, हा प्रश्न त्यांनी पुढाऱ्यांपुढे ठेवला. सरकारी शाळा नको असेल तर आपली शाळा हवी, असा त्यांचा व त्यांच्या मित्रांचा आग्रह होता. त्यातूनच २९ ऑक्टोबर १९२० रोजी अलीगढच्या मशिदीत शैखुल हिंद मौलाना महमूद हसन यांच्या हस्ते जामिया मिल्लिया इस्लामियाची स्थापना झाली. सुरुवातीचे वर्ग तंबूंत भरत.

विद्यार्थ्यांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. असहकार म्हणजे नकार. नकार देणे तुलनेने सोपे असते. घोषणा देता येते, वर्गाबाहेर पडता येते. परंतु नकार दिल्यानंतर रिकाम्या झालेल्या जागी स्वतःच्या कष्टाने काही उभे करणे, ही खरी कसोटी असते. तेविसाव्या वर्षी झाकीर हुसेन यांनी ही कसोटी स्वतःला लावली आणि पुढे जन्मभर ते तिला उतरले.

बर्लिनमधील दिवस

१९२२ साली ते उच्च शिक्षणासाठी जर्मनीला गेले. बर्लिन विद्यापीठात अर्थशास्त्राचा अभ्यास करून त्यांनी भारतीय शेतीव्यवस्थेवर प्रबंध लिहिला व डॉक्टरेट मिळवली. तेथील नवे शिक्षणविचार आणि कामातून शिकवणाऱ्या शाळा यांचाही त्यांनी बारकाईने अभ्यास केला. तेथेच आबिद हुसेन व मुहम्मद मुजीब हे जन्मभराचे सोबती त्यांना भेटले.

याच काळातील एक प्रसंग उल्लेखनीय आहे. बर्लिनमध्ये काविआनी या छापखान्यातून गालिबचा दीवान सुंदर स्वरूपात छापून घ्यावा, असे त्यांच्या मनाने घेतले. छापखान्यात काम करणाऱ्या माणसांची वाण होती. तेव्हा हा विद्यापीठातला विद्वान खिळे जुळवायला शिकला आणि त्याने स्वतःच्या हातांनी टाइप जुळवला. पुढे वर्ध्याला हाताच्या कामाचे शिक्षणातले स्थान त्यांनी मांडले, त्याआधीच त्यांनी हाताला शाई लावून घेतली होती.

शंभर रुपयांचा कुलगुरू

इकडे जामियाची स्थिती बिकट झाली होती. तिला खिलाफत चळवळीच्या निधीचा आधार होता. १९२४ साली तुर्कस्तानात खिलाफतच रद्द झाली आणि तो ओघ आटला. १९२५ मध्ये संस्था अलीगढहून दिल्लीच्या करोलबागेत हलवण्यात आली, आणि ती बंद करावी काय असा विचार सुरू झाला. झाकीर हुसेन व त्यांच्या मित्रांनी जर्मनीहून कळवले की आम्ही आपले आयुष्य या संस्थेला द्यायला तयार आहोत, ती बंद करू नये. १९२६ च्या प्रारंभी ते परतले आणि एकोणतिसाव्या वर्षी जामियाचे प्रमुख झाले. त्यांना देऊ केलेला पगार बराच अधिक होता. त्यांनी तो स्वतः होऊन १०० रुपयांवर आणला. तोही पुष्कळदा वेळेवर हाती पडत नसे.

डिसेंबर १९२७ मध्ये जामियाचे मोठे आधारस्तंभ हकीम अजमल खान यांचे निधन झाले. तेव्हा शिक्षकांनी एकत्र येऊन प्रतिज्ञा केली की वीस वर्षे संस्था सोडणार नाही आणि महिना १५० रुपयांहून अधिक वेतन घेणार नाही. सरकारी अनुदान घ्यायचे नाही आणि सरकारची मान्यताही नाही, अशा स्थितीत ही शाळा चालली. १९३५ साली ओखला येथे नव्या इमारतीची पायाभरणी झाली, तेव्हा कोणा नवाबाला किंवा पुढाऱ्याला न बोलावता संस्थेतल्या सर्वात लहान विद्यार्थ्याच्या हातून पहिला दगड बसवण्यात आला.

मुलांनी स्वच्छ बूट घालून यावे, असे वारंवार सांगूनही उपयोग होईना, तेव्हा एके दिवशी झाकीरसाहेब स्वतः ब्रश व पॉलिश घेऊन फाटकापाशी बसले, अशी आठवण जामियात सांगितली जाते. दुसरी एक आठवण मन हेलावणारी आहे. प्राथमिक शाळेतील मुलांना ते मिठाई वाटत होते. त्या वेळी त्यांची लहान मुलगी रेहाना हिच्या निधनाची वार्ता त्यांच्या कानावर घालण्यात आली. मुलांचा आनंद मोडू नये म्हणून त्यांनी हातातले काम पुरे केले आणि मगच ते घरी गेले. शिक्षकाचा पेशा त्यांनी कोणत्या निष्ठेने स्वीकारला होता, हे यावरून समजते.

वर्ध्याची परिषद

१९३७ साली अनेक प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे आली. राज्यकारभाराचा थोडाबहुत अधिकार प्रथमच आपल्या लोकांच्या हाती आला आणि सर्वांना शिक्षण कसे द्यायचे, हा प्रश्न उभा राहिला. त्या काळी प्रांतांच्या शिक्षणाचा बराचसा खर्च दारूवरील करातून भागे. दारूबंदी केली तर शाळा कशा चालणार? गांधीजींनी यावर आपली कल्पना मांडली. मुलाला पहिल्यापासून एखादा उपयुक्त हस्तोद्योग शिकवावा, सारे शिक्षण त्या उद्योगातून द्यावे आणि मुलांच्या कामातून शाळेचा खर्च निघावा, अशी ती कल्पना होती.

तिचा विचार करण्यासाठी २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयात शिक्षणतज्ज्ञांची व प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी स्वतः गांधीजी होते. अशा सभेत होकार देणे सोपे असते. झाकीरसाहेबांनी मात्र आपले मत आडपडदा न ठेवता सांगितले. कामातून शिक्षण ही कल्पना चांगली आहे, परंतु शिक्षणक्षेत्रात ती अगदीच नवी नाही. शिवाय शाळेचा खर्च मुलांच्या श्रमातून निघालाच पाहिजे, असा आग्रह धरला तर शिक्षक मुकादम बनेल आणि गरिबांच्या मुलांच्या श्रमाचा गैरफायदा घेतला जाईल, असा इशारा त्यांनी दिला.

गांधीजींच्या गावी, गांधीजींच्या अध्यक्षतेखाली, गांधीजींच्याच योजनेतील दोष दाखवणे सामान्य गोष्ट नव्हती. याच गांधीजींच्या हाकेवरून त्यांनी सतरा वर्षांपूर्वी आपली कारकीर्द सोडली होती. परंतु ज्याला देश स्वतंत्र हवा, त्याची बुद्धीही स्वतंत्र हवी. आदर असावा, पण आदरापोटी मौन नसावे. गांधीजींचा मोठेपणाही असा की योजनेचा अभ्यासक्रम आखण्यासाठी जी समिती नेमण्यात आली, तिचे अध्यक्षपद त्यांनी याच टीकाकाराला दिले.

त्या समितीत विनोबा भावे, काका कालेलकर, किशोरलाल मशरूवाला, जे. सी. कुमारप्पा, श्रीकृष्णदास जाजू, आर्यनायकम व आशादेवी हे दांपत्य, ख्वाजा गुलामुस्सैयदैन आणि के. टी. शाह होते. जेमतेम सहा आठवड्यांत, २ डिसेंबर १९३७ रोजी, समितीने अहवाल सादर केला. सात ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीला मोफत व सक्तीचे शिक्षण मिळावे, ते मातृभाषेतून असावे आणि त्याचा मध्यबिंदू एखादा हस्तोद्योग असावा, हे त्याचे सार होते. रोजची शाळा साडेपाच तासांची धरली होती. त्यांपैकी ३ तास २० मिनिटे उद्योगाला, ४० मिनिटे मातृभाषेला, ४० मिनिटे संगीत, चित्रकला व गणिताला, ३० मिनिटे समाजशास्त्र व सामान्य विज्ञानाला, १० मिनिटे व्यायामाला आणि १० मिनिटे सुट्टीला दिली होती. हिंदुस्थानी भाषा देवनागरी व उर्दू या दोन्ही लिपींसह विचारात घेतली होती. परिषदेत दिलेला इशाराही झाकीरसाहेब विसरले नव्हते. कमाईच्या मागे लागून शिक्षण व संस्कार यांचा बळी जाण्याचा धोका अहवालात स्पष्ट नोंदवलेला आहे.

फेब्रुवारी १९३८ मध्ये हरिपुरा काँग्रेसने ही योजना स्वीकारली. ती राबवण्यासाठी हिंदुस्थानी तालीमी संघ स्थापन झाला. त्याचे ठाणे सेवाग्रामला होते आणि अध्यक्ष होते झाकीर हुसेन. सेवाग्रामचे नाव त्या वेळी शेगाव असेच होते. पुढे कित्येक वर्षे दिल्ली व वर्धा या दोन्ही ठिकाणची जबाबदारी त्यांनी वाहिली.

दोन्ही बाजूंचे वार

या कामाबद्दल त्यांना शाबासकीपेक्षा टीकाच अधिक मिळाली. अभ्यासक्रमात धर्मशिक्षणाला स्वतंत्र स्थान नाही, म्हणून मुस्लिम लीगने योजनेवर कडाडून हल्ला केला. १९३८ च्या पीरपूर समितीच्या अहवालात तिच्यावर आक्षेप घेण्यात आले. त्यातच आपल्या मध्यप्रांत सरकारने विद्यामंदिर नावाची वेगळी योजना काढली. मंदिर या शब्दावरून मुस्लिम समाजात असंतोष पसरला आणि लोकांच्या मनात या दोन्ही योजनांची गल्लत झाली. आपल्या मुलांचे दीन व जबान यांचे काय होईल, ही पालकांची काळजी खरी होती आणि तिला तुच्छ लेखणे योग्य होणार नाही. परंतु ज्या माणसाच्या जामियात इस्लामची तालीम दिली जात होती, त्यालाच दीनचा शत्रू ठरवणे हा मोठा अन्याय होता. दुसऱ्या बाजूचे लोक जामियाकडे संशयाने पाहतच होते. झाकीरसाहेबांनी कोणालाही शिव्याशाप दिले नाहीत. आक्षेपांची उत्तरे देत त्यांनी आपले काम चालू ठेवले.

नोव्हेंबर १९४६ मध्ये जामियाचा रौप्यमहोत्सव झाला. देशात दंगलींचा वणवा पेटला असताना एकाच व्यासपीठावर नेहरू, मौलाना आझाद, जिना व लियाकत अली यांना बसवण्याचे काम या शिक्षकाने करून दाखवले, आणि द्वेषाची ही आग विझवा अशी त्या सर्वांना कळकळीची विनंती केली. आग विझली नाही. ऑगस्ट १९४७ मध्ये, स्वातंत्र्य येऊन काही दिवसही लोटले नव्हते, तेव्हा काश्मीरला जाताना जालंधर स्टेशनावर ते दंगलखोरांच्या तावडीत सापडले. एका शीख लष्करी अधिकाऱ्याने आणि एका हिंदू रेल्वे अधिकाऱ्याने मध्ये पडून त्यांचे प्राण वाचवले. दिल्लीत जामियाचे पुस्तकभांडार जाळण्यात आले. सप्टेंबरमध्ये गांधीजी स्वतः जामियात येऊन धीर देऊन गेले.

ज्या स्वातंत्र्यासाठी सारे आयुष्य वेचले ते असे रूप घेऊन दारात उभे राहिल्यावर एखाद्याने तोंड फिरवले असते. त्यांचे सख्खे धाकटे भाऊ डॉ. महमूद हुसेन पाकिस्तानात गेले आणि तेथे शिक्षणमंत्री झाले. झाकीरसाहेब येथेच राहिले. जालंधरला मारायला आलेले हात आणि वाचवणारे हात, दोन्ही याच देशाचे होते. वाचवणाऱ्यांच्या बाजूने उभे राहायचे त्यांनी ठरवले. नोव्हेंबर १९४८ मध्ये, अलीगढ विद्यापीठाकडे सारा देश संशयाने पाहत असताना, त्याचे कुलगुरुपद त्यांनी स्वीकारले आणि १९५६ पर्यंत त्या विद्यापीठाला सावरले.

त्यानंतरचे मानसन्मान सर्वांना ठाऊक आहेत. १९५७ साली ते बिहारचे राज्यपाल, १९६२ साली उपराष्ट्रपती आणि १३ मे १९६७ रोजी राष्ट्रपती झाले. १९६३ मध्ये त्यांना भारतरत्न किताब मिळाला. ३ मे १९६९ रोजी पदावर असतानाच त्यांचे देहावसान झाले. त्यांचे दफन दिल्लीत जामियाच्याच आवारात झाले.

चांदणीची गोष्ट

झाकीरसाहेबांनी मुलांसाठी उर्दूत अब्बू खाँ की बकरी ही गोष्ट लिहिली. जुन्या फ्रेंच कथेवरून ती सुचलेली आहे. वारलेल्या मुलीची आठवण म्हणून त्यांनी ती रुकय्या रेहाना या नावाने प्रसिद्ध केली. अल्मोड्याच्या अब्बू खाँकडे चांदणी नावाची लाडकी शेळी असते. चारापाणी भरपूर, मालक प्रेमळ, पण गळ्यात दोरी. एक दिवस ती डोंगरावर पळून जाते. तेथे लांडगा आहे, हे तिला माहीत असते. संध्याकाळी मालक साद घालतो, तरी ती परतत नाही. रात्रभर ती आपल्या इवल्या शिंगांनी लांडग्याशी झुंजते आणि पहाटे कोसळते. झाडावरचे पक्षी म्हणतात की लांडगा जिंकला. एक म्हातारा पक्षी मात्र चांदणी जिंकली असा निवाडा देतो.

मुलांसाठी लिहिलेल्या या गोष्टीत झाकीरसाहेबांचे स्वतःचे आयुष्यच दिसते. त्यांच्यापुढेही चारापाणी होते. वर्ध्याच्या योजनेचेही पुढे काय झाले ते पाहावे. स्वतंत्र भारतातील सरकारी शाळांत ती नावापुरती उरली. टकळी आली, पण टकळीतून ज्ञान आले नाही. झाकीरसाहेबांनीच पुढे आपल्या व्याख्यानांत हे कठोर शब्दांत बोलून दाखवले. आपण आखलेल्या योजनेची दुर्दशा लपवावी, असे त्यांना वाटले नाही. परंतु बीज अगदीच वाया गेले नाही. सेवाग्रामला २००५ साली आनंद निकेतन ही शाळा नई तालीमच्या विचारावर पुन्हा सुरू झाली. शेतात, स्वयंपाकघरात व सूतकताईतून तेथील मुले गणित व विज्ञान शिकतात.

झाकीरसाहेबांच्या दृष्टीने स्वातंत्र्याचा अर्थ साधा होता. डोक्यावर मुकादम उभा नसतानाही जो आपले काम नेकीने करतो, आदरणीय माणसापुढेही आपले प्रामाणिक मत सांगतो आणि आपल्या समाजाचा रोष पत्करूनही समाजाच्या मुलांची साथ सोडत नाही, तो स्वतंत्र. असे नागरिक शाळेतच घडतात, म्हणून त्यांनी शाळा निवडली. आपल्या मुलाने वर्गात शंका विचारली तर घरी त्याचे कौतुक व्हावे. मुलीने शिक्षण पुढे चालू ठेवायचे म्हटले तर तिच्या गळ्यात दोरी पडू नये. स्वतःची चप्पल स्वतः पुसण्याची मुलाला लाज वाटू नये. एवढे आपल्या घरी घडले तरी १९३७ साली वर्ध्याला झालेले काम आपल्यापर्यंत पोहोचले, असे म्हणता येईल.